नेई रोतिआचा जबाब

मारेवेचा ताप उतरत नव्हता, आणि पेटीचं म्हणणं होतं की काळजी करण्यासारखं काही नाही.

पेटी म्हणजे आमच्या दवाखान्याची खरी मालकीण. नावाला मी डॉक्टर आणि बाइतेके नर्स, पण औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्या ताब्यात. पावाच्या डब्याएवढं ते यंत्र बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून माणसाची जनुकं वाचायचं, उपग्रहामार्फत राजधानीतल्या केंद्राशी बोलायचं आणि मग मनात आलं तर कपाट उघडायचं. बोलायचं मात्र फार गोड. आजारी पोरीच्या उशाशी बसून इतकं गोड बोलणाऱ्याचा मला राग येतो.

मी कुंदा बोरकुटे, मूळची वडशाची. आमच्या भागात म्हातारी माणसं कुष्ठरोगाला अजूनही महारोग म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली करतात. तिथे बरीच वर्षं याच रोगाचं काम केल्यावर मला प्रशांत महासागरातल्या नोनारा बेटावरून बोलावणं आलं. नोनारा म्हणजे पाण्यावर ठेवलेली बांगडी. मधे खारं तळं, भोवती नारळीची अरुंद पट्टी, एवढीच काय ती जमीन. घरांना भिंती नाहीत, सगळं घर एका चटईवर झोपतं, त्यामुळे कुष्ठाच्या जंतूला हिंडायला मोकळं रान. इथे बाईच्या नावाआधी 'नेई' लावतात, आणि त्यांच्या भाषेत 'द' नाही, म्हणून मी नेई कुन्ता झाले.

पूर्वी इथे वर्षभर गोळ्या द्याव्या लागत. जहाज उशिरा आलं की गोळ्या संपत. शिवाय कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही इथली रीत, त्यामुळे पायाला चट्टा असलेला शेजारी गोळ्याही मागून न्यायचा आणि दोघांचा इलाज अर्धवट राहायचा. यावर उपाय म्हणून वर्षाची सुई निघाली. दंडात एकदाच टोचायची. औषधांचा गोळा कातडीखाली बसतो आणि वर्षभर थोडाथोडा विरघळत राहतो. कुणाला देता येत नाही, विसरता येत नाही. आणि काढताही येत नाही, इथेच सगळी गोम होती.

त्या सुईत डॅप्सोन नावाचं जुनं, भरवशाचं औषध असतं. शंभरातल्या बहुतेकांना ते निमूट मानवतं. पण काही जणांच्या पेशींवर एक विशिष्ट आकाराचं प्रथिन असतं. पेशी आपल्या आतले तुकडे ज्या ताटलीत ठेवून शरीराच्या पहारेकऱ्यांना दाखवते, ती ही ताटली. डॅप्सोन नेमकं या आकाराच्या ताटलीत जाऊन बसतं, आणि पहारेकऱ्यांना वाटतं की शत्रू घरात शिरला. मग ते स्वतःच्याच शरीरावर तुटून पडतात. ताप, पुरळ, सुजलेल्या गाठी, आणि शेवटी यकृत. गोळ्या चालू असतील तर थांबवता येतात. वर्षाची सुई थांबत नाही.

म्हणून सुईआधी त्या ताटलीचं जनुक आहे का, हे पेटी तपासायची. तपासणीच्या कुप्या महाग, जहाजं थोडी, तेव्हा केंद्रातल्या हुशार लोकांनी काटकसर शोधली. मूल जनुकं कुठून आणतं? अर्धी आईकडून, अर्धी बापाकडून. दोघांकडेही हे जनुक नसेल तर मुलाकडे ते येणारच नाही. म्हणजे दोघांची तपासणी करा आणि घरातली सगळी पोरं मोकळी सोडा. शास्त्र म्हणून यात एक अक्षरही चूक नव्हतं. प्रत्येक आईला पेटी एवढंच विचारायची, की हे मूल तुमच्या पोटचं आहे का. नोनारावरच्या एकूण एक आयांनी हो म्हणून सांगितलं. इतकी स्वच्छ माहिती दुसऱ्या कुठल्याच बेटावरून आली नाही, म्हणून केंद्रानं आमचं अभिनंदनही केलं होतं.

मारेवे ही नेई रोतिआची मुलगी. अकरा-बारा वर्षांची, बडबडी, पाठीवर दोन फिके चट्टे. रोतिआ आणि तिचा नवरा दोघंही जनुकाच्या बाबतीत स्वच्छ. नवरा मालवाहू जहाजावर खलाशी, सध्या कुठल्या समुद्रात होता कोण जाणे. मारेवेला सुई दिली, महिनाभर पोरगी उड्या मारत होती, आणि मग एकाएकी ताप चढला. अंगावर लाल चट्टे उठले, चेहरा सुजला, तोंड आतून सोलवटलं. कोपराजवळची नस दाबली की ती कळवळायची.

नस दुखते म्हणून पेटीनं निदान केलं: कुष्ठाची रिअ‍ॅक्शन. मेलेल्या जंतूंवर शरीर चवताळतं, त्यातून नसा सुजतात, आणि हे आम्ही नेहमीच पाहतो. त्यावर स्टेरॉइड द्यायचं आणि मूळ औषध चालू ठेवायचं. मी स्टेरॉइड दिलं. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला आणि मला डॅप्सोनच्या बाधेचा संशय आला.

दोन आजार, दिसायला जुळे. रिअ‍ॅक्शन असेल तर स्टेरॉइडच्या जोरावर थांबायचं. औषधाची बाधा असेल तर कपाटातला उतारा टोचायचा. या उताऱ्यात बारीक कण असतात, ते महिनोन्महिने अंगात राहून रक्तातलं डॅप्सोन पकडतात आणि लघवीवाटे बाहेर काढतात. पण त्या कणांना आपलं-परकं कळत नाही, ते स्टेरॉइडही पकडतात. दुसऱ्या एका बेटावर एका डॉक्टरनं घाईनं उतारा दिला. तो आजार निघाला रिअ‍ॅक्शनचा. स्टेरॉइड धुऊन गेलं, नसा जळाल्या, आणि त्या तरुणाची बोटं कायमची आखडली, पापण्या मिटेनाशा झाल्या, हळूहळू दृष्टी गेली. त्यानंतर उताऱ्याला कुलूप लागलं. चूक एका बाजूला केली तर मारेवेचे हात आणि डोळे जाणार, दुसऱ्या बाजूला केली तर मारेवेच जाणार.

तिचंच रक्त तपासावं, तर कुप्या संपलेल्या. तिला राजधानीला न्यावं, तर मोठ्या भरतीनं धावपट्टीवर गुडघाभर पाणी. मी केंद्राला फोन लावला. पलीकडचा अधिकारी सभ्य होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की आईबापांची तपासणी स्वच्छ आहे, तेव्हा औषधाची बाधा संभवत नाही, तुम्ही धीर धरा. धीर त्याला धरायला सोपा होता.

दवाखान्याच्या अंगणात नीरफणसाच्या झाडाखाली गावातली माणसं बसून होती. इथे पोर आजारी पडलं की माणसं येऊन नुसती बसतात. त्यांच्यात नेई ताबोरा होती. तळ्याच्या बाजूला राहणारी, चार मुलांची आई, कधी फारसं न बोलणारी. ती आदल्या दिवसापासून हलली नव्हती. तिला पाणी द्यायला गेले तेव्हा तिच्या हनुवटीवरची खळी मला दिसली. मारेवेच्या हनुवटीवर तशीच खळी आहे. इथे सगळेच एकमेकांचे नातलग, त्यामुळे खळीवरून काही सिद्ध होत नाही. पण ताबोराला मी वर्षाची सुई दिली नव्हती, वेगळ्या गोळ्या दिल्या होत्या. बेटावर मोजक्या लोकांकडे ते जनुक निघालं, त्यांतली ती एक.

मी आत जाऊन बाइतेकेला सरळ विचारलं की मारेवे कुणाची. तो ट्रे पुसत होता, पुसतच राहिला. पश्चिमेचा वारा अजून दोन दिवस राहील असं म्हणाला. मी पुन्हा विचारलं.

"नेई कुन्ता," तो म्हणाला, "हे तुम्ही मला विचारलंच नाही, असं धरू."

मग तो भलतीच गोष्ट सांगायला लागला. त्याच्या लहानपणी एक माणूस ताडी पिऊन मानेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, नको ते बोलला. एका सात वर्षांच्या पोराकडे बोट दाखवून हा अमक्याच्या घरचा नव्हे, तमक्याच्या घरचा, असं म्हणाला. त्याच संध्याकाळी त्या पोराला हाताला धरून दुसऱ्या घरी पोचवलं गेलं. त्याची पहिली आई मागे मागे चालत गेली आणि अर्ध्या वाटेवरून परतली. बस, एवढीच गोष्ट.

मला त्या रीतीचं अर्धं माहीत होतं. मूल नसलेल्या बहिणीला, चुलतबहिणीला आपलं मूल द्यायचं, हे इथे सहज चालतं. घेणारी बाई बाळंतिणीसारखी चटईवर निजते, बाळ तिच्या पोटावर ठेवतात, जन्म देणारी पाठ फिरवून निघून जाते. त्या क्षणापासून मूल तिच्या पोटचं. हे कुणी लपवत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त कुणी बोलायचं नाही. कुणी उघड बोललं की चटईवरचं ते बाळंतपण मोडतं आणि मूल जन्माच्या घरी परत जातं. पेटीच्या प्रश्नाला या आयांनी दिलेलं उत्तर त्यांच्या लेखी खोटं नव्हतंच.

रोतिआला मी दवाखान्यामागे पाण्याच्या टाकीजवळ नेलं. आडवळणानं बोलणं मला जमत नाही. मी तिला दोन्ही आजार सांगितले, उतारा सांगितला, हात आणि डोळ्यांचं सांगितलं.

"पेटी काय म्हणते?" तिनं विचारलं.

"पेटी म्हणते, मारेवे तुझ्या पोटची आहे."

"मग पेटी खरं बोलते."

मी म्हटलं की मला तुझ्याकडून काही काढून घ्यायचं नाही, मला फक्त एक गोष्ट नक्की कळायला हवी. अंदाजानं मी उतारा टोचणार नाही, आणि टोचायचा म्हटला तरी कपाट उघडणार नाही. पहिला जबाब बदलायचा तर पेटीला आईच्याच तोंडून तो ऐकावा लागतो. रोतिआनं टाकीचा गळका नळ घट्ट केला.

"नुसती मान हलवली तर?"

हे उत्तरच होतं. "पेटीला मान दिसत नाही," मी म्हटलं, आणि असं सांगावं लागतंय याची मला लाज वाटली.

मी पुन्हा फोनकडे धावले. अधिकाऱ्याला म्हटलं की मला कळलंय, मूल दत्तक आहे, कपाट उघडा. त्यानं विचारलं, आईनं तसं सांगितलं का? मी म्हटलं, तिनं विचारलं की मान हलवून चालेल का. तो म्हणाला की याला पुरावा म्हणता येणार नाही. मी त्याला माझ्या वडशाच्या भाषेत काय म्हटलं ते त्याला समजलं नाही, ते बरंच झालं. मग मी पहार उचलली. बाइतेकेनं माझा हात धरला. कपाट फोडलं तर आतल्या बाटल्या आपोआप फुटतात, चोरी होऊ नये म्हणून तशी सोयच केलेली आहे. सुरक्षेचा असा कडेकोट बंदोबस्त, आणि आत पोरगी भाजून निघत होती.

रोतिआ आत आली. मारेवे जागी होती. तोंड सोलवटल्यामुळे तिच्याच्यानं बोलवत नव्हतं, पण डोळे फिरत होते. रोतिआनं तिला थेंब थेंब शहाळ्याचं पाणी पाजलं, ओल्या फडक्यानं मान पुसली, केस विंचरून घट्ट वेणी घातली. वेणी घालायला तिनं एवढा वेळ लावला की मला ओरडावंसं वाटलं.

"मी बोलले तर ती वाचेल?" माझ्याकडे न बघता तिनं विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. "ते सांगता येत नाही. तू बोलली नाहीस तर मात्र वाचणार नाही."

ती पेटीसमोर जाऊन मांडी घालून बसली. दवाखान्याला भिंतींच्या जागी चटयांचे पडदे आहेत, ते बाइतेके सोडायला लागला. रोतिआनं त्याला थांबवलं. असं बोलायचंच तर सगळ्यांच्या देखत बोलायचं, लपून बोलले तर त्याला चोरी म्हणतील, असं तिचं म्हणणं. बाहेर अंगणात ताबोरा उठून उभी राहिली.

"मारेवे माझ्या पोटची नाही," रोतिआ म्हणाली. "तिला नेई ताबोरानं जन्म दिला."

पेटीवरचा दिवा पिवळा झाला. "माफ करा," ती गोड आवाजात म्हणाली, "वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

मी आयुष्यात कुठल्या वस्तूचा इतका द्वेष केलेला नाही. मारेवेनं चटईवरून मान उचलली होती आणि ती तिच्याकडे बघत होती. रोतिआनं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग पेटीकडे वळली आणि तेच पुन्हा म्हणाली, आता इतक्या मोठ्यानं की तळ्याच्या काठापर्यंत गेलं असेल.

कपाट उघडलं. मी उतारा भरला आणि टोचला.

पुढचे दिवस वाईट गेले. लघवी शाईसारखी काळी होत होती, ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. रोतिआ उशाशी होती, तिला कुणी उठवलं नाही. गावचा वडीलधारा तेकारारा येऊन एवढंच सांगून गेला की पोर चालायला लागेपर्यंत घाई नाही. मग डोळ्यांतला पिवळेपणा निवळला, मारेवेनं भात मागितला, आणि मी बाहेर जाऊन टाकीला टेकून रडले. बरं वाटलं म्हणून रडले, आणि आता काय होणार हे कळत होतं म्हणूनही.

ती चालायला लागली त्या दिवशी मी मानेआबात जाऊन वडीलधाऱ्यांशी भांडले. म्हटलं, ती आपण होऊन बोलली नाही, यंत्रानं तिच्याकडून वदवून घेतलं, हे धरू नका. त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं, ताजी ताडी पाजली. मग तेकारारा अगदी हळू आवाजात म्हणाला, "नेई कुन्ता, तो शब्द खरा धरला म्हणून तुमचं कपाट उघडलं, म्हणून पोर जगली. आता आम्ही तो खोटा कसा धरायचा?"

दंडावरची पट्टी बदलताना मारेवेनं मला विचारलं होतं की पेटीला दुसरं काही चाललं नसतं का. मी नाही म्हटलं. संध्याकाळी ती आपली चटई गुंडाळून तळ्याच्या बाजूला चालत गेली. ताबोरा दारात उभी होती, तिच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता. रोतिआ मागोमाग गेली नाही. ती घरात बसून राहिली आणि मी तिच्याजवळ बसले.

मग केंद्राचा हुकूम आला. व्यवस्थेतला एक धोका उघड केल्याबद्दल माझे आभार, आणि आता खबरदारी म्हणून प्रत्येक आईचा जबाब तिच्या आवाजात पुन्हा नोंदवून घ्यावा. किती सोपं. माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, एकेक पोर चटई काखेत मारून या घरातून त्या घरी चाललंय, रोज संध्याकाळी, बेट रिकामं होईस्तोवर. मी पेटीच्या तोंडावरच उत्तर दिलं. या बेटावर मी यापुढे एकाही आईला हा प्रश्न विचारणार नाही. प्रत्येक मुलाचं स्वतःचं रक्त तपासायला कुप्या पाठवा. त्या येईपर्यंत सुई बंद. गोळ्या मी आणि बाइतेके घरोघर जाऊन समोर गिळायला लावू. मला परत बोलावण्याची धमकी आली. बोलवा म्हटलं, पण येणाऱ्या डॉक्टरला आधी रोतिआचा जबाब ऐकवा, दोन्ही वेळचा.

कुप्या आल्या. केंद्राकडे त्या होत्याच, फक्त काटकसरीत ठेवलेल्या.

तपासणी मानेआबात केली. सगळी पोरं दाटीवाटीनं बसली होती, कुणाचं कोण हे कुणाला विचारायचं नव्हतं, त्यामुळे काम भराभर चाललं. बोटं धुवायला पाणी घालायचं काम रोतिआनं आपण होऊन घेतलं होतं. ती बादली घेऊन माझ्या शेजारी उभी होती. मारेवेची पाळी आली. रोतिआनं इतर पोरांच्या हातावर घातलं तसंच तिच्या हातावर पाणी घातलं. मारेवेनं मान वर केली नाही. मी बोट टोचलं, थोड्या वेळानं पेटीनं सांगितलं: जनुक आहे. मी रोतिआकडे पाहिलं. तिला हे आधीपासून माहीत होतं.

मारेवे उठली. ताबोरा सभाघराच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. मारेवे तिच्याकडे वळली, आणि त्या गर्दीवरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी तिनं हाक मारली, "आई, माझं झालं."

मी रोतिआकडे वळले. ती गेलेल्या पोरीच्या दिशेनं कान देऊन उभी होती.

"आवाज चांगला खणखणीत झाला तिचा," ती म्हणाली, आणि पुढच्या मुलाच्या हातावर तिनं पाणी घातलं.